शकुनाचं झबलं

डॉक्टरीणबाईंनी पिवळ्या पडलेल्या बाळाला उचललं, डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली, तळपायाला अंगठा दाबून पाहिला, आणि दुपटं सोडता सोडता त्या एकदम थांबल्या. त्यांनी नाक बाळाच्या छातीशी नेलं. बाजूला केलं. पुन्हा नेलं. "हा वास कसला?" त्या म्हणाल्या. चंद्रकांताला आधी कळेचना, कुठल्या वासाबद्दल चाललंय. आठ दिवसांच्या पोराला वास असतो तो दुधाचा, तेलाचा, वेखंडाचा. ती बाळावर वाकली, तिनं खोल श्वास घेतला, आणि तिला काहीसुद्धा वेगळं लागलं नाही. "वास तर नाही काही," ती म्हणाली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे जे पाहिलं ते पुढं कितीतरी दिवस तिच्या मनातून गेलं नाही. त्या नजरेत राग नव्हता. आपण इतका वेळ ज्याच्याशी बोलतोय त्याला ऐकूच येत नाही हे उशिरा ध्यानात यावं, तशी ती नजर होती. "डांबरगोळ्यांचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "मुलाच्या अंगाला. आणि तुमच्या लुगड्याला. काढा. सगळं काढा आधी."

मग तिला कळलं. घराचाच तर वास होता तो. धुळ्याला आग्रा रोडवर तिच्या वडिलांचं, सुरेशचंदांचं, कापडाचं दुकान. खाली दुकान, वर बिऱ्हाड. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तो वास यायचा आणि शेवटच्या पायरीला विसरून जायचा. शाळेत पोरी तिला गोळी म्हणायच्या. "सरक गं गोळे, शिंका येतात," असं म्हणून शेजारची मुद्दाम नाक धरायची, आणि ती घरी येऊन रडली होती. तिच्या आईनं, सायरबाईनं, तिला जवळ घेतलं होतं, आणि पोरीचं रडं त्याच वासाच्या पदरात हळूहळू निवलं होतं. आईला सगळे बाई म्हणत, म्हणून मुलीही बाई म्हणत. घरातलं रोजचं बोलणं मारवाडी, पण लाड आणि रागावणं मराठीत, शेजारपाजारचं ऐकून ऐकून. "अगं चांदा, आपल्या घरात जीव पडत नाही म्हणून तो वास," बाई म्हणाली होती. बाईचा धर्म असा बारीकसारीक गोष्टीत असायचा. पीठ दोनदा चाळायचं, पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं. कपड्यात कसर झाली तर उन्हात झटकताना ती मरणार. मग ती होऊच नये हे बरं. लिंबाच्या पाल्यातसुद्धा किडा निघतो. गोळ्यांनी काही मरत नाही, जवळच येत नाही. दुकानात गोळ्या पोत्यानं यायच्या, आणि बाई पेटीतल्या कपड्यांच्या प्रत्येक घडीत एक एक ठेवायची, निवडून, पांढरीशुभ्र, देवापुढं तांदूळ मांडावेत तशी. बाईचं हे मांडणं बघत बसायला चंद्रकांताला फार आवडायचं. तेव्हा बाईचा चेहरा शांत असायचा. एरवी तो तसा क्वचितच असायचा.

त्या पेटीत सगळ्यात तळाला झबलं होतं. पिवळं, लाल काठाचं, जामनेरच्या नानीनं आपल्या हातानं शिवलेलं. नानीची पाठोपाठची तीन मुलं, थोरली सायर आणि मग दोन भाऊ, त्याच झबल्यात वाढली आणि तिन्ही ठणठणीत निघाली. त्या काळात तीनातलं एक तरी जायचंच. म्हणून झबलं शकुनाचं ठरलं. सायरबाईचं लग्न झालं तेव्हा नानीनं ते तिच्या पेटीत घातलं आणि म्हणाली, हे लेकीकडून लेकीकडं जाऊ दे. सायरबाईनं ते जपलं. किती जपलं! चंद्रकांताच्या जन्माला ते निघालं, कंचनच्या जन्माला निघालं, आणि मधल्या दोन मुलग्यांच्याही. ते दोघे गेले. एक नवव्या दिवशी, एक चौदाव्या. पिवळे पडले आणि गेले. चंद्रकांता तेव्हा सहा वर्षांची होती. दुसऱ्याच्या वेळचं तिला एवढंच आठवतं, की बाई दाराकडं पाठ करून बसली होती आणि तिच्या छातीवरचं पोलकं दुधानं ओलं होत होतं. कुणी झबल्याला दोष दिला नाही. तीन जीव तारलेलं झबलं! दोष कुशीला दिला गेला, आणि बाईनं तो खाली मान घालून घेतला. तीन वर्षांपूर्वी चंद्रकांताचा पहिला मुलगाही ह्याच घरात, बाराव्या दिवशी, तसाच पिवळा होऊन गेला. ह्या खेपेला सासूबाई, सज्जनबाई, जळगावहून निघताना म्हणाल्या होत्या, "माहेर गोड असतं गं बाई, पण त्या घराला मुलगा मानवत नाही. इथंच हो बाळंत." आणि चंद्रकांता हट्टानं धुळ्याला आली होती. सासूबाईंचं बोलणं खोटं पाडायला आली होती. बाईसाठी आली होती, आणि ह्याही बाळाला तेच झबलं घातलं होतं.

दवाखान्यात बाळाला उघडं करून कोमट पाण्यानं दोनदा साबण लावून धुतलं. त्याच्या लंगोटाला बिनदुधाच्या चहासारखे डाग होते. चंद्रकांतानं दवाखान्याचं भरड पातळ नेसलं, पण बाळासाठी तिथली चादर इतकी राठ की त्याच्या पिवळ्या कातडीवर लगेच रेघा उठल्या. शेजारच्या खाटेवर सातपुड्याच्या पायथ्याची एक बाळंतीण होती, रुपली नावाची. तिची पोर आडवी आली म्हणून बैलगाडीतून आणलेली. ती बघत होती. तिनं उशाखालून आपल्या जुन्या लुगड्याचा एक धडपा काढला, विरून विरून सायीसारखा मऊ झालेला, आणि पुढं केला. "ल्या बाई. तापीमा धुयेल शे. उनमा वायाडेल शे. तुमना सोनाले टोचाव नही." चंद्रकांता क्षणभर घुटमळली. बाईला कळलं तर! मग तिनं तो घेतला. तापीत धुऊन उन्हात वाळवलेल्या त्या धडप्याला धुराचा आणि उन्हाचा वास होता. तिनं बाळाला त्यात गुंडाळलं, आणि तिला अगदी विचित्र वाटलं; आपलं मूल आपल्या हातात असून त्याला आपल्या घराचा वास येत नाही, जसं काही ते आताच, दुसऱ्यांदा, उघड्यावर जन्मलंय.

संध्याकाळच्या मोटारीनं तिचा नवरा निर्मलकुमार आला. त्याचं रक्त जुळलं. बाळाच्या डोक्यावरचे केस चार बोटं काढून तिथं सुई लावली, आणि बापाचं रक्त थेंब थेंब लेकाच्या अंगात जाताना चंद्रकांता पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं. तिसऱ्या दिवशी बाळानं दूध ओढलं. डॉक्टरीणबाई मुंबईला शिकलेल्या. तिथं त्यांनी अशी दोन पोरं पाहिली होती म्हणे. त्या खाटेच्या कडेला बसून विचारत राहिल्या. घरात आणखी कोण असं गेलं? दोन भाऊ. पहिला मुलगा. आईचे भाऊ? "दोन्ही मामा धडधाकट आहेत," चंद्रकांता म्हणाली, आणि मग नुसतं बोलायचं म्हणून म्हणाली, की रुपचंदमामाला एकदा मात्र झालं होतं काहीतरी. हिवतापवाले घरोघर गोळ्या देत होते त्या साली. मामानं गोळ्या घेतल्या आणि त्याला काळी लघवी झाली. चार दिवस पडून होता. उष्णता झाली म्हणून सब्जाचं पाणी दिलं, मग उठला. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन टोपण लावून ठेवलं. "त्या मामांना बोलावता येईल?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. सोप्या शब्दांत, दोनदा. रक्तात एक चीज असते, ती काही घराण्यात कमी असते. ती कमी असूनही माणूस ऐंशी वर्षं जगतो, शेती करतो, नातवंडं खेळवतो. फक्त काही वस्तू त्या रक्ताला सोसत नाहीत. काही औषधं सोसत नाहीत, ह्या गोळ्यांचा वास सोसत नाही, आणि नवजात पोराला तर मुळीच नाही. ते आईकडून येतं. मुलीला सहसा काही होत नाही, ती पुढं नेते, मुलग्याला होतं. "म्हणजे माझ्याकडून?" चंद्रकांता म्हणाली. "तुमच्याकडून. तुमच्याकडे तुमच्या आईकडून, त्यांच्याकडे त्यांच्या आईकडून. पण नीट ऐका. नुसतं त्यानं कुणी मेलेलं नाही. बाहेरून काही आलं तरच." मुंबईला रक्त पाठवलं, बाळाचं आणि मुद्दाम बोलावून घेतलेल्या मामाचंही; पण चंद्रकांताला त्या चिठ्ठीची गरजच राहिली नव्हती. नानीनं झबलं कशात ठेवलं होतं हे तिला ठाऊक होतं. लहानपणी जामनेरला तिनं ते मडकं पाहिलं होतं, खुंटीला टांगलेलं, कडूलिंबाच्या पाल्यानं भरलेलं. नानीचे मुलगे जगले. त्याच रक्ताचे बाईचे मुलगे गेले. मधे काय बदललं? एक लग्न. एक कापडाचं दुकान. आणि जीव जाऊ नये म्हणून जिवापाड काळजी घेणारी एक बाई.

बरं झालेलं बाळ घेऊन ती घरी आली, आणि एक नवीनच दिनक्रम सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनी उजेडात ठेवायला सांगितलंय म्हणून ती बाळासह पुढच्या गच्चीलगतच्या खोलीत राहू लागली. दवाखान्यात पोराचे कपडे का काढले, बाईनं विचारलं; ताप मोजायला, ती म्हणाली. बाईनं पुन्हा काही विचारलं नाही; बाई फक्त उंबऱ्याशी येऊन उभी राहायची, आत यायची नाही, आणि बाळ हललं की तिचे ओठ हलायचे. चंद्रकांता पुढ्यात आलेला घास गिळायची आणि मनात वाक्यं जुळवायची. बाई, एक सांगू? बाई, रागावू नकोस. बाई, तुझा दोष नाही. कुठल्याही वाक्यानं सुरुवात केली तरी शेवट एकाच जागी यायचा, आणि त्या जागी दोन मुलगे आणि एक नातू ओळीनं निजलेले असायचे. ज्या बाईनं वाटेतली मुंगी चुकवायला पाऊल वाकडं टाकलं, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा न सांगता भागलं तर? एका दुपारी बाई सामायिकाला बसली असताना, म्हणजे डोळे मिटून घटकाभर धर्मध्यान करताना, चंद्रकांतानं पेटी उघडली आणि सगळ्या गोळ्या पदरात घेऊन मोरीवाटे घालवल्या. तिला इतकं हलकं वाटलं, की ती दोन पायऱ्या गाणं म्हणत चढली. चार दिवसांनी पेटी उघडून पाहते, तर प्रत्येक घडीत नवी गोळी. "बघ ना, ह्या खेपेच्या गोळ्या कशा भुरकन उडाल्या," बाई म्हणाली. "म्हटलं कंचन येतेय पुढल्या आठवड्यात, तोवर कसर लागायची." आणि झबलं तिनं मुद्दाम सगळ्यात वर काढून ठेवलं होतं. कंचन, तिची धाकटी बहीण, फैजपूरला दिलेली, आठव्या महिन्यात होती.

रुपचंदमामा आला तो अशा वेळी. जामनेरला कापसाची अडत, अंगानं दुहेरी, बोलणं चौकातल्या माणसालाही ऐकू जाईल असं. जिन्यातूनच त्याचा आवाज वर आला. "सायर, ऐकलंस का? माझं रक्त मुंबईला जाऊन आलं! मी अजून नाशिकच्या पुढं गेलो नाही, आणि रक्त मुंबई पाहून आलं." तो दवाखान्यातूनच येत होता. बाईनं त्याला पाट दिला, पाणी दिलं, ताटात गट्ट्याची भाजी वाढली. ऊन अजून खिडकीत होतं. "काय म्हणाली डॉक्टरीण?" बाईनं विचारलं. चंद्रकांताच्या मांडीवर बाळ होतं. तिनं मामाकडं डोळे वटारून पाहिलं, पण मामा ताटात पाहत होता.

"काय काय म्हणाली, मी अर्धं ऐकलं. तापाच्या त्या गोळ्या पुन्हा घेऊ नका म्हणाली. आणि एक मात्र खरं निघालं, ह्या पठ्ठ्याचं आणि माझं रक्त एकच. जे ह्याच्यात कमी ते माझ्यात कमी, काट्याला काटा. मी म्हटलं, बाई, कमी? माझ्यात काही कमी आहे असं माझ्या बायकोला सांगा, ती पेढे वाटील!"

तो स्वतःच हसला. बाई हसली नाही. तिच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली.

"तुझ्यात हेच आहे?"

"हेच."

"जन्मापासून?"

"आता रक्त काय मी बाजारातून आणलं?"

"मग तू कसा जगलास?"

मामा घास घेता घेता थांबला. बहिणीचा आवाज त्याला आता कुठं ऐकू आला असावा. तरी त्यानं सवयीनं हसण्यावारी नेलं. "त्याचं असं आहे, सरकी एकच असते गं. आमच्याकडं टाकली तर बोंड हे एवढं, आणि बरड रानात टाकली तर वीतभर वाढून वाळते. सरकीला काय विचारायचं? रानाला विचार."

बाई खाली बसली. ती काय करतेय हे चंद्रकांताला दिसत होतं. बाई हिशेबाला कधीच बसली नव्हती, पण आता ती एकेक दिवस मागं जात होती, एकेक घडी उलगडत होती, आणि चंद्रकांताला वाटलं की धावत जाऊन तिचे डोळे झाकावेत, लहान मुलाचे झाकतात तसे. बाई म्हणाली, "मां झबलं मडक्यात ठेवायची. पाल्यात."

"हो, लई कडू वास," मामा म्हणाला. "तीच चव माझ्या जिभेला राहिली असं बायको म्हणते."

"चांदा." बाईनं आता लेकीकडं पाहिलं. "डॉक्टरीणबाईनं पोराचे कपडे का काढायला लावले?"

महिनाभर जुळवलेली सगळी वाक्यं कुठं गेली कोण जाणे. बाळ तिच्या बोटाला धरून होतं. ती म्हणाली, "गोळ्यांमुळं, बाई."

खाली दुकानात थान उलगडल्याचा आवाज आला, फटक, आणि पुन्हा फटक. मामाचं ताट तसंच राहिलं. एवढा बोलका माणूस, पण उष्टा हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिला. बाई रडेल असं चंद्रकांताला वाटलं. रडली असती तर बरं होतं. बाई भिंतीकडं बघत म्हणाली, "थोरला भुऱ्या केसांचा होता. त्याचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं. धाकट्याचं मी मनात हिरालाल ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं." चंद्रकांतानं आपल्या भावाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. एकवीस वर्षांचा झाला असता तो आज, दुकानात बसला असता, तिला न्यायला जळगावला आला असता. तिला त्याचा चेहरा दिसेना, पण हात दिसले, थान उलगडणारे.

"बाई, तुला काय माहीत होतं? कुणालाच माहीत नव्हतं. रक्त माझंही तेच आहे. मीही तर दिलंच त्याला."

"तू रक्त दिलंस," बाई म्हणाली. "ते आपल्या हातात नसतं." खिडकीतलं ऊन कपाटावर चढलं. बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "कंचनला पत्र लिही. आजच."

चंद्रकांतानं आंतरदेशीय पत्र घेतलं, बाळाला मामाच्या मांडीवर दिलं. बाई सांगत गेली. चिरंजीव कंचनला अनेक आशीर्वाद. इथून बाळंतविड्याचं काही वापरायचं नाही. तुझ्या अंगावरची जुनी सुती लुगडी धू, उन्हात वाळव, आणि येताना तेवढीच आण. पेटी मी माळ्यावरून खाली, घराबाहेर काढतेय. झबलं त्यातच गेलं. मुलगा होवो की मुलगी, आल्या आल्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं. मग बाई थांबली, आणि म्हणाली, "लिही. तुझे दोन भाऊ आणि चांदाचा पहिला, माझ्या हातानं गेले. मला माहीत नव्हतं."

पेन हललं. चंद्रकांतानं नुसतं शेवटचं लिहिलं: मला माहीत नव्हतं. पुढं लगेच लिहिलं: काळजी करू नकोस, बाळ आता गुटगुटीत आहे. आणि खाली सही घालून कागद वाळायला धरला. पोटुशी पोर ती. असलं वाचून तिच्या जिवाला काय वाटेल? आणि कागदावर एकदा उतरलं म्हणजे ते फैजपूरला जाईल, तिथल्या सासूच्या हाती पडेल, गावभर होईल. न लिहिल्यानं काय बिघडणार होतं? काळजी घ्यायची ती सगळी तर लिहिलीच होती.

"दे इकडं," बाई म्हणाली.

बाई शाळेत गेली नव्हती. पण रोजच्या पाठाच्या पोथीवर बोट फिरवून फिरवून तिला अक्षरं लागली होती. तिनं कागद गुडघ्यावर ठेवला आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. ओठ हलत होते. बोट हळूहळू खाली आलं, एका जागी थांबलं, मागं गेलं, पुन्हा आलं.

"माझं एक वाक्य कमी आहे ह्यात," ती म्हणाली.

"बाई, राहू दे ना. कंचनला..."

"कंचनलाच सांगायचंय. उद्या तिला मुलगी झाली, ती मुलगी मोठी झाली, तिला कुणी सांगायचं? नुसतं पेटी वापरू नका म्हटलं, तर दहा वर्षांनी म्हणतील, म्हातारीचा काहीतरी वहीम होता. आणि घालतील पुन्हा." तिनं बोट कागदावर त्याच जागी टेकवलं. "तीन गेले म्हटल्यावर नाही घालणार."

"जागा नाही उरली."

"कडेला लिही. बारीक लिही. पण लिही."

मामानं बाळाला खांद्यावर घेतलं आणि तो उठून खिडकीशी गेला, पाठमोरा. चंद्रकांतानं पुन्हा पेन उघडलं. वर पंखा फिरत होता, कागद उडत होता, आणि कडेची कोरी पट्टी बोटभरसुद्धा नव्हती. बाईनं कागद जमिनीवर सपाट केला, दोन्ही तळहात त्याच्यावर ठेवून घट्ट दाबून धरला, आणि लेकीचं शेवटचं अक्षर लिहून होईपर्यंत हलवले नाहीत.